बंद पडलेल्या डिस्कची नाडीपरीक्षा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या व्याख्यानमालेतील एका ज्येष्ठ सभासदाच्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



समितीने मला विषय दिला होता 'बँकेतले माझे अनुभव'. मी तो बदलून मागितला. बँकेतले अनुभव ऐकताना माणसं पहिली दहा मिनिटंच जागी असतात, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा आपल्या कार्यालयातली जुनी हार्ड डिस्क २०२३ साली आजारी पडली, तेव्हा तिचं निदान कसं केलं, आतून काय बाहेर काढता आलं आणि काय आलं नाही, हे सांगावं असं मनात आलं. ती डिस्क सोसायटीची होती, पण तिची एखादी बहीण तुमच्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, आईचा आवाज, काय काय तिच्यात असतं. आणि ती कधीतरी जाणार, हे नक्की.

आधी प्रसंग सांगतो, म्हणजे एवढा खटाटोप का केला ते कळेल. १६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तो दिवस कोण विसरेल! झाडं पडली, कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. आपल्या कार्यालयाच्या खिडकीची काच फुटली आणि खिडकीखालचं कपाट पाण्याने भरलं. सभासदांच्या फायली उन्हात वाळवल्या, पण शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं पसरलं होतं आणि झेरॉक्सची पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली होती. तेव्हा आपण सगळ्यांनीच एकमेकांना धीर दिला की, "असू दे, सगळ्याचे स्कॅन कॉम्प्युटरात आहेत." ते खरंही होतं. २०१२ साली तेव्हाच्या समितीने मोठ्या मेहनतीने एकूण एक कागद स्कॅन करून घेतला होता.

मग २०२३ मध्ये आपले एक सभासद वारले. त्यांच्या पत्नी, आपल्या सगळ्यांच्या वहिनी, कार्यालयात आल्या. यजमानांनी २०११ साली नामनिर्देशनाचा अर्ज भरून दिला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांच्याकडची पोच सापडत नव्हती. आपल्याकडची फाइल पापड झालेली. राहता राहिला कॉम्प्युटर. तो चालू केला, तर पडदा उघडायला वीस मिनिटं लागली, मग निळा झाला आणि थांबला. आतून मध्येच घरघर, मध्येच शांतता.

इथे बँकवाला म्हणून एक खुलासा करतो, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. नामनिर्देशन झालं म्हणजे ती व्यक्ती मालक झाली असं नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा इच्छापत्राने ठरते. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्तासारखी असते. पण तो कागद असला की सोसायटीला कुणाशी व्यवहार करायचा हे कळतं, पत्रं कुणाच्या नावे जायची ते ठरतं. नसला की प्रतिज्ञापत्रं, वारसांची संमती, जाहीर नोटीस असं लांबण लागतं. वहिनींचा एक मुलगा परदेशात, एक मुंबईला. त्या वयात त्यांना तालुक्याच्या कचेऱ्यांचे जिने चढायला लावायचे का, हा प्रश्न होता. म्हणून तो एक कागद हवा होता.

दुरुस्तीवाला मुलगा आला. भला मुलगा. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "काका, डबो जुनो झालो. नवीन हार्ड डिस्क घालूया, विंडोज टाकून देतंय." मी म्हटलं, "बाबा रे, डबो नवो गावतलो. आतला खय गावतला?" आजच्या भाषणाचं सार म्हणाल तर या एका वाक्यात आहे. यंत्र दुरुस्त करणं आणि यंत्रातला मजकूर वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामात डिस्क फेकायची असते, दुसऱ्यात ती जपायची असते. दुकानात देताना आपल्याला कोणतं काम करून हवंय, हे आपणच स्पष्ट सांगायला हवं.

आता डिस्कच्या आत काय असतं ते पाहू. जुन्या ग्रामोफोनची तबकडी आठवा. तशा एक-दोन किंवा अधिक तबकड्या, काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या, वर चुंबकीय लेप. टेबलावरच्या कॉम्प्युटरातली डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. आणि तिच्यावर तरंगणारं वाचनाचं टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर असतं. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट. फिरणाऱ्या तबकडीबरोबर हवा फिरते आणि त्या हवेच्या गादीवर हेड तरंगतं. धुळीचा एक कण मध्ये आला की काय होईल याची कल्पना करा. म्हणून 'झाकण उघडून बघूया' हा विचार सोडून द्या. झाकण उघडायची जागा म्हणजे धूळविरहित प्रयोगशाळा, आपला ओटा नव्हे.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, सगळा संच कपाटाएवढा, आणि मावत किती होतं? ५० लाख अक्षरं. आज मोबाइलमधल्या एका फोटोला तेवढी जागा लागते. आमच्या बँकांत यंत्रं आली ती बऱ्याच उशिरा. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंगची यंत्रं, मग शाखेतला सर्व्हर, मग सगळ्या शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या. त्या काळात आम्हाला एक शिस्त लागली. दिवस संपला की दिवसभराच्या कामाची प्रत काढायची, आणि ती त्याच इमारतीत ठेवायची नाही. ती दुसरीकडे पाठवायची. पावसात, रात्री आठ वाजता, हे करताना कंटाळा यायचा. पण आग लागली, पूर आला, तर शाखा जाईल, खातेदारांचा हिशेब जाणार नाही, हा त्यामागचा विचार.

आता निदान. वैद्य नाडी धरण्याआधी रोग्याकडे पाहतो, तसं आधी ऐकायचं. माझ्या मते चार प्रकार लक्षात ठेवले की पुरे.

पहिला प्रकार, डिस्क फिरतच नाही, पूर्ण गप्प. यात वीजपुरवठा, केबल, डिस्कच्या पोटाखालचं सर्किट किंवा अडकलेली मोटर, यांपैकी काहीतरी असतं. दुसरा प्रकार, फिरते, पण ठरावीक तालात टक, टक, टक असा आवाज येतो. हा वाईट. बहुतेक वेळा हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही, असा याचा अर्थ. इथे घरगुती उपाय शून्य. प्रत्येक टकटकीला तबकडीवर ओरखडा पडण्याचा धोका असतो. ताबडतोब बंद करायची. तिसरा प्रकार, फिरते, आवाज सामान्य, कॉम्प्युटरला दिसते, पण फार हळू चालते, अडकते, मध्येच नाहीशी होते. यात तबकडीवरचे काही कप्पे खराब झालेले असतात. चौथा प्रकार, डिस्क ठणठणीत, पण माणसाने फाइल पुसली, फॉरमॅट मारलं किंवा यादीचं पान बिघडलं. हा रोग डिस्कचा नव्हे, नोंदवहीचा.

या चौघांच्याही आधी एक साधी गोष्ट करायची, ती म्हणजे केबल बदलायची. तुम्ही हसाल. पण आपण समुद्रकाठी राहतो. खारी हवा, चार महिने पाऊस. जोडणीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरतो तो तुम्ही टीव्हीच्या पिनेवर पाहिला असेलच. बाहेरून लावायच्या डिस्कच्या बाबतीत तर कित्येकदा वरची पेटी आणि तिचा अॅडाप्टर जातो, आतली डिस्क धडधाकट असते. केबल बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा, वीज दुसऱ्या जागेवरून घ्या. मात्र डिस्क टकटक करत असेल, तर हेही प्रयोग नकोत.

आपल्या कार्यालयाची डिस्क तिसऱ्या प्रकारात बसली. ३२० जीबीची, २००८ सालची. आपल्या सी विंगमधला, कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेला एक तरुण आणि मी, असे दोघे बसलो. डिस्क काढून त्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि आधी तिचं पासबुक वाचलं. हो, हार्ड डिस्कला पासबुक असतं! प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, त्याला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ते दाखवतो.

त्यात पंचवीस-तीस ओळी असतात, पण बँकवाल्याच्या भाषेत सांगायच्या त्या चारच. डिस्ककडे काही राखीव कप्पे असतात. एखादा कप्पा बाद झाला की त्याच्या जागी राखीवतला एक वापरला जातो. किती वापरले, ही पाचव्या क्रमांकाची ओळ. म्हणजे गंगाजळीतून किती उचल झाली. १९७ क्रमांकाची ओळ म्हणजे सस्पेन्स खातं. हे कप्पे वाचता येत नाहीत, पण बाद केले असंही अजून ठरलेलं नाही. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले, आमच्या भाषेत बुडीत कर्ज. आणि १९९ ही ओळ केबलची. तो आकडा वाढत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी वायर बदला. एक बारकावा सांगतो. या प्रोग्रॅममध्ये आकडे बहुधा सोळाच्या पटीच्या पद्धतीने दिसतात. तिथे १० दिसलं तर ते १६ असतात. आपल्या सस्पेन्स खात्यावर 'डी४' असं लिहिलं होतं. म्हणजे तेरा सोळे आणि वर चार, दोनशे बारा. चांगल्या डिस्कमध्ये इथे शून्य असतं.

पण पासबुक कोरं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गूगल कंपनीने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की ज्या डिस्क मेल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी या मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही इशारा दिलेला नव्हता. म्हणजे आकडा दिसला तर सावध व्हा, पण दिसला नाही म्हणून प्रत काढायची राहू देऊ नका.

आता काय करायचं नाही, ते सांगतो. ही यादी करण्याच्या यादीपेक्षा महत्त्वाची. डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून 'बघूया, आता होते का' असं करायचं नाही. तिच्यावर नवीन काही लिहायचं नाही, वाचवायचा प्रोग्रॅमसुद्धा तिच्यावर टाकायचा नाही. 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं कॉम्प्युटर नम्रपणे विचारतो, त्याला तितक्याच नम्रपणे नाही म्हणायचं. दुरुस्तीची 'चेकडिस्क' ही आज्ञा द्यायची नाही. ती वहीची मांडणी जुळवते, मजकूर वाचवत नाही, आणि मांडणी जुळवताना न जुळणारी पानं फाडते. फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. हा उपाय कुणीतरी ऐकलेला असतोच. थंड डिस्क आपल्या हवेत बाहेर काढली की तिला घाम सुटतो, आइस्क्रीमच्या डब्याला सुटतो तसा. तो ओलावा तबकडीवर बसला की खेळ संपला. आणि तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून हिला लावायचं नाही. बऱ्याच डिस्कमध्ये त्या एकाच डिस्कला लागू पडणारी मोजमापं त्या सर्किटावरच्या चिपमध्ये असतात.

मग करायचं काय? एकच गोष्ट. आजारी डिस्कची, जशी आहे तशी, कप्प्यामागून कप्पा पूर्ण प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर काढायची. फाइली उघडून बघत बसायचं नाही. वहिनींचा कागद आधी शोधूया, असा मोह मलाही झाला. पण तरुण ठाम होता. फाइल शोधताना हेड सैरावैरा धावतं आणि त्या धावपळीतच आजारी डिस्क दम तोडते. सरळ रेषेत एकदा वाचून घेणं तिला सोसतं.

यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तोही फुकट. लिनक्सवर चालतो. त्याची युक्ती आपल्या रापणकरांना लगेच पटेल. जाळं ओढताना कुठे खडकात अडकलं तर तिथेच जोर लावला की जाळं फाटतं. तसं हा प्रोग्रॅम अडला की हट्ट करत नाही. ती जागा सोडून पुढे जातो, सहज मिळतंय ते सगळं आधी गोळा करतो. मग परत येऊन सोडलेल्या जागांच्या कडा कुरतडतो. सगळ्यात शेवटी एकेक कप्पा. शिवाय कुठलं वाचलं, कुठलं राहिलं, याची रोजकीर्द तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे मध्ये वीज गेली, जी आपल्याकडे जातेच, तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. आम्ही इन्व्हर्टरवर बसलो होतो ते वेगळं.

सुरू करण्याआधी मी बँकेतला एक नियम पाळायला लावला. नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. कारण या कामात 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि काही मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक मी कागदावर लिहिले, त्याने पडद्यावर वाचले, मी टिकमार्क केली, मगच बटण दाबलं. नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी घ्यायची, हेही लक्षात ठेवा.

३२० जीबीच्या डिस्कमध्ये ५१२ अक्षरांचा एक, असे सुमारे साडेबासष्ट कोटी कप्पे असतात. पहिल्या फेरीत, सात तासांत, शंभरात साडेनव्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग आला. मी खूष. तरुण म्हणाला, "काका, आता खरं काम." राहिलेल्या अर्ध्या टक्क्याला तीन दिवस लागले. डिस्क तापू नये म्हणून समोर पंखा, मध्ये मध्ये विश्रांती. शेवटी ३८ एमबी राहिली ती राहिलीच. जुनी डिस्क काढून, कागदात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवली. पुढचं सगळं काम प्रतीवर. खरं तर प्रतीच्या प्रतीवर.

आता ३८ एमबी म्हणजे सगळ्याच्या किती? हिशेब केला तर दहा हजारांत एक-सव्वा. पण आमच्या बँकेत बेरीज एका रुपयाने चुकली तरी कुणी घरी जात नसे. कारण तो रुपया कुणाच्या खात्यातला, हे कळत नाही तोवर त्याची किंमत कळत नाही. इथेही तसंच. ती छिद्रं कुठे पडली? विंडोजच्या एखाद्या फाइलवर पडली असतील तर कुणाला सोयरसुतक नाही. वहिनींच्या कागदावर पडलं असेल तर? यावरही उपाय आहे. न वाचलेल्या जागा एका खुणेच्या शब्दाने भरायच्या आणि मग तो शब्द कोणकोणत्या फाइलीत सापडतो ते शोधायचं. अशी बाधित फाइलींची यादी हाती येते.

वहिनींचा कागद त्या यादीत नव्हता. नामनिर्देशनाच्या फोल्डरमध्ये, २०१२ च्या स्कॅनमध्ये, यजमानांची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि समितीच्या ठरावाचा क्रमांक, सगळं स्पष्ट. साक्षीदारांपैकी एक आज हयात नाहीत. दुसरे या सभेत बसले आहेत. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, हे मान्य. पण ठराव क्रमांक मिळाल्यामुळे इतिवृत्ताच्या वहीतलं नेमकं पान उघडता आलं, ते वाचण्याजोगं निघालं, आणि समितीला निर्णय घेता आला. वहिनींना मी प्रत दिली, तेव्हा त्यांनी मजकूर वाचलाच नाही. सहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यांचा हात तेव्हा असा थरथरत नव्हता." पुढे मला काही बोलता आलं नाही.

बाकीच्या वसुलीचाही हिशेब देतो. इतिवृत्तं उघडली, तर पानभर अगम्य चिन्हं. समितीतले सगळे म्हणाले, गेलं, सडलं. काही सडलं नव्हतं! ती २००९ च्या आधीची, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. तेव्हा प्रत्येक फॉन्टची बाराखडी वेगळी असायची, आजच्यासारखं युनिकोड सर्रास नव्हतं. तो फॉन्ट मिळवून घातला की अक्षर न् अक्षर वाचता आलं. तुमच्या जुन्या फाइलींतही असा प्रकार दिसला तर पुसू नका. हिशेबाचा टॅलीचा डेटा मात्र एक फाइल नसते, आकड्याच्या नावाचा अख्खा फोल्डर असतो. तो फोल्डर जसाच्या तसा मिळाला म्हणून हिशेब उघडले. नुसत्या सुट्या फाइली मिळाल्या असत्या, तर उपयोग नव्हता.

याच कारणाने टेस्टडिस्क आणि फोटोरेक या जोडप्रोग्रॅमांतला फरक समजून घ्या. टेस्टडिस्क यादीचं पान दुरुस्त करून फाइली नावानिशी परत देतो. फोटोरेक यादीकडे पाहतच नाही. तो प्रत्येक फाइलीचं डोकं ओळखतो. फोटोची सुरुवात विशिष्ट अक्षरांनी होते, पीडीएफची वेगळ्या. त्या खुणेवरून तो फाइली उचलतो. मिळतं पुष्कळ, पण नावं जातात, फोल्डर जातात, आणि तुकड्यांत साठवलेली फाइल अर्धवट येते. पोतंभर सुट्टी पानं समोर ओतल्यासारखं. म्हणून तो शेवटचा उपाय. आणि हे दोन्ही प्रोग्रॅम चालवायचे ते प्रतीवरच.

जे गेलं तेही सांगायला हवं. पहिल्या गणेशोत्सवाचे एकवीस फोटो बाधित यादीत होते. भूमिपूजनाचा एक फोटो अर्धाच आला. वरच्या अर्ध्यात आपले संस्थापक सभासद आणि मागे माडांची रांग, खाली करडा पट्टा. त्यातले दोघे आज नाहीत, आणि त्या जागेचा दुसरा फोटो कुणाकडे नाही. संपादक मंडळाला मी विनंती केली आहे की तो स्मरणिकेत तसाच छापावा. खालचा भाग करडा दिसेल, तो छापखान्याचा दोष समजू नये.

टकटक करणारी किंवा गप्प झालेली डिस्क असेल आणि आतला मजकूर अमूल्य असेल, तर सरळ मुंबई-पुण्याच्या चांगल्या प्रयोगशाळेत द्या. तिथे धूळविरहित खोलीत, जुळणाऱ्या डिस्कचं हेड काढून हिला बसवतात. खर्च मोठा असतो. म्हणून आधी लेखी अंदाज घ्या, काही मिळालं नाही तर पैसे किती हे विचारा, आणि डिस्कमध्ये आधार-पॅनच्या प्रती आहेत याचं भान ठेवून कुणाच्याही हाती देऊ नका. आशा किती ठेवावी? १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, आपल्या कल्पना चावला गेल्या, तो दिवस आठवत असेल. त्या यानातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क टेक्सासमध्ये आटलेल्या तळ्याच्या पात्रात काही महिन्यांनी सापडली. जळून विद्रूप झालेली. तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर तज्ज्ञांनी बाहेर काढला आणि तो प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. तिच्या तबकड्या वाचल्या होत्या म्हणून हे झालं. उलट, घरी टकटक करत दोन दिवस चालवलेल्या डिस्कच्या तबकड्या खरवडल्या असतील, तर मोठ्यातला मोठा तज्ज्ञ हात टेकतो.

आता मुलं म्हणतील, आजोबा, हार्ड डिस्क हवीच कशाला, हल्ली एसएसडी असते, पेनड्राइव्ह असतो. बाळांनो, एसएसडी वेगवान आहे, पडली तरी सहसा बिघडत नाही. पण ती मरताना घरघर करत नाही, एका क्षणात गप्प होते. तिच्यावरची पुसलेली फाइल बहुधा परत येत नाही, कारण ती रिकामी जागा स्वतःहून साफ करून ठेवते. आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्याची ती वस्तू नव्हे. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, ठेवणीला नाही. सीडी-डीव्हीडीला आपल्याकडे पावसात बुरशी येते ती मी दाखवू शकतो.

तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या साधनांवर. त्यांतली एक घराबाहेर, आणि आपल्यासाठी मी म्हणेन, समुद्रापासून लांब. कुडाळला बहीण असेल, कोल्हापूरला मुलगी असेल, तिच्या कपाटात एक डिस्क राहू द्या. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायला काढलेली असतात. जाळं फाटल्यावर समुद्रात बसून कुणी विणत नाही. त्याच दिवसांत आपणही डिस्क काढायच्या, लावून पाहायच्या, दोन-चार फाइली खरोखर उघडून बघायच्या. उघडून बघितली नाही ती प्रत, वटवून बघितला नाही त्या चेकसारखी. सोसायटीची प्रत आता तीन ठिकाणी आहे, आणि तिची तपासणी जूनच्या समिती सभेच्या विषयपत्रिकेत कायमची घातली आहे.

शेवटी एक निमंत्रण. रविवारी सकाळी १० ते १२ मी कार्यालयात बसतो. तो तरुणही सुट्टीला आला की असतो. तुमची जुनी डिस्क घेऊन या. सोबत तिच्याहून मोठी कोरी डिस्क आणा. डिस्क जाड कापडात गुंडाळून, हातात धरून आणा, स्कूटरच्या डिकीत नको. आणि कृपा करून, निघण्याआधी 'एकदा चालू करून बघूया' असं करू नका. ते एकदा आपण इथे, पंख्याखाली, दोघं मिळून करू.